हरणाऱ्याचा वाटा

अनेक वंशांच्या आणि भाषांच्या गरीब देशात शांतता टिकेल की नाही, हे ठरवताना जिंकणारे किती उदार आहेत याकडे आपण पाहतो. पाहायला हवं ते हरणाऱ्यांकडे. निवडणूक हरल्यावर फक्त सत्ता जाणार असेल, तर माणूस पाच वर्षं थांबतो. सत्तेबरोबर नोकरी, जमीन, भाषा आणि मुलांचं भवितव्यही जाणार असेल, तर तो थांबत नाही. श्रीलंकेत 1956 साली सिंहली हीच राजभाषा ठरली आणि तमिळ तरुणांपुढे सरकारी नोकरीची दारं बंद होऊ लागली. त्या वाटेचा शेवट 1983 ते 2009 एवढ्या दीर्घ यादवी युद्धात झाला. मॉरिशसची कहाणी वेगळी झाली, आणि ती का झाली हे समजून घेण्यासारखं आहे.

या बेटाला मूळ रहिवासीच नाहीत. मळेवाले फ्रेंच, आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम, 1834 पासून भारतातून नेलेले करारबद्ध मजूर आणि चिनी व्यापारी असे सगळे बाहेरूनच आले. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही त्यांत होते. त्यांच्या वंशजांची मुलं तिथल्या शाळांत आजही मराठी शिकतात. स्वातंत्र्यापूर्वी निर्यात जवळजवळ सगळी साखरेची होती, लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांना 1961 मध्ये या बेटाच्या शांततापूर्ण विकासाची फारशी आशा वाटत नव्हती.

भीती खोटी नव्हती. लोकसंख्येत हिंदू निम्म्याहून थोडे अधिक होते. प्रत्येकाने आपापल्या समाजालाच मत दिलं, तर बाकीचे कायमचे हरणार. म्हणून 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं ब्रिटनपासूनच्या स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. जानेवारी 1968 मध्ये राजधानी पोर्ट लुईत क्रिओल, म्हणजे गुलामांचे वंशज, आणि मुस्लिम यांच्यात दंगे पेटले, ब्रिटिश सैन्य आलं. दोन महिन्यांनी, 12 मार्चला, अशा वातावरणात देश स्वतंत्र झाला.

मग हरणाऱ्यांना घरात ठेवण्यासाठी काय केलं? संसदेच्या 62 जागा निवडणुकीने भरायच्या आणि आणखी 8 जागा पडलेल्या उमेदवारांतून द्यायच्या, अशी तरतूद झाली. ज्या समाजाला त्याच्या संख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्यातल्या चांगली मतं मिळवून पडलेल्यांना त्या मिळतात. 1969 मध्ये पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी स्वातंत्र्याचे विरोधक गाएतां द्युव्हाल यांनाच मंत्रिमंडळात घेतलं.

पण संसदेतल्या जागेने पोट भरत नाही. खरी कसोटी जमिनीची होती. राजकीय सत्ता भारतीय वंशाच्या बहुसंख्याकांकडे गेली. मोठे मळे आणि भांडवल मूठभर फ्रेंच वंशीयांकडे राहिलं. सरकारने मळे जप्त केले नाहीत, साखरेच्या निर्यातीवर कर लावला. 1975 च्या लोमे करारामुळे युरोपात साखरेला खात्रीचा भाव मिळू लागला. त्या पैशाने राज्याचे खर्च पेलले, 1977 पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झालं. निर्यातीसाठीच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा 1970 मध्येच झाला होता. मळेवाल्यांनी साखरेतला नफा देशाबाहेर न नेता त्यातला बराचसा या, मुख्यतः कापडाच्या, कारखान्यांत घातला, आणि त्यांत हजारो स्त्रियांना पहिल्यांदा पगार मिळाला. एकाकडे मतं, दुसऱ्याकडे भांडवल. आणि दुसऱ्याला संपवून आपलं भागणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

या तडजोडीची किंमत मात्र कोणीतरी मोजलीच. 1972 ची निवडणूक लांबवून 1976 मध्ये घेतली गेली आणि मधल्या काळात कामगार पुढारी तुरुंगात गेले. गुलामांचे वंशज असलेल्या क्रिओल गरिबांच्या हाती ना मळे होते, ना सरकारी कचेऱ्या. फेब्रुवारी 1999 मध्ये त्यांचा लाडका गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. वाटणीत ज्यांचा हिशेबच नीट झाला नव्हता, त्यांचा तो संताप होता. जादा जागांचं गणितही 1972 च्या जनगणनेवर अडकलं, कारण त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारलाच गेला नाही. उमेदवाराला मात्र आपला समाज जाहीर करावा लागे. इतक्या जुन्या आकड्यांसाठी ही सक्ती हक्कांचा भंग आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2012 मध्ये म्हटलं.

म्हणून मॉरिशसकडे आदर्श म्हणून पाहणं चूक, आणि त्याची तडजोड ढोंगी म्हणून झटकणंही चूक. त्या तडजोडीने एका पिढीला यादवीपासून वाचवलं, हे तिचं मोठं यश आहे. पुढच्या पिढीला तोच हिशेब पुरणार नव्हता. बहुवंशीय देशाच्या सरकारची परीक्षा जिंकलेल्यांच्या मिरवणुकीवरून घेऊ नये. हरलेल्या समाजातला तरुण पुढच्या निवडणुकीची वाट पाहायला तयार आहे का, हे विचारावं. तो तयार नसेल, तर विकासदर कितीही चढा असला तरी तो देश सुरक्षित नाही.