पुस्तकावरचे अश्रू

पुस्तक वाचताना ज्याच्या डोळ्यांना पाणी येते तो माणूस हळवा, आणि हळवा म्हणजे अर्थातच दयाळू, असे आपण किती सहज धरून चालतो! "अगदी रडू आले हो वाचताना," हे पुस्तकाला दिलेले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र असते. आणि त्यातले थोडेसे बोलणाऱ्याने नकळत स्वतःलाही दिलेले असते. मी पुस्तकांवर पुष्कळ रडते. कादंबऱ्या लिहिते, म्हणजे दुसऱ्यांना रडवण्याचा थोडाफार उद्योगही करते. तेव्हा या अश्रूंची खरी किंमत काय, हा प्रश्न मला अधूनमधून सतावल्यावाचून राहत नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका रशियन बाईचे उदाहरण दिले आहे. बाईसाहेब नाटकगृहात बसून रंगभूमीवरच्या पात्रांसाठी अश्रू ढाळीत आहेत, आणि बाहेर गाडीवर बसलेला त्यांचा गाडीवान थंडीने गारठून मरतो आहे. रशिया फार लांब, असे म्हणून आपली सुटका होण्यासारखी नाही. दिवाळीत फराळाची बशी शेजारी घेऊन घरातली मंडळी दिवाळी अंक वाचीत पहुडतात, कथेतल्या कष्टाळू आईसाठी हळहळतात, आणि त्याच वेळी घरची आई स्वयंपाकघरात चकल्यांचा तिसरा घाणा काढीत असते. तिच्या हाती अंक पडतो तो तुळशीच्या लग्नानंतर, तोही चहाचे डाग पडलेला!

मग पुस्तकावर रडणे हे ढोंगच म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. करुण काव्य आपल्याला प्रिय का होते, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. तिचा साध्या भाषेत अर्थ असा, की काव्यातले दुःख माझेही नसते आणि शेजाऱ्याचेही नसते. ते कुणा एकाचे राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. हे अनुभवाला पटते. शेजारीण आपले गाऱ्हाणे सांगू लागली की ऐकता ऐकता मनात हिशेब सुरू होतो. आता हिला पैसे द्यावे लागणार की काय? सीतेसाठी रडताना हा हिशेब नसतो, म्हणून रडू मोकळे येते. ते खरेच असते. फक्त त्या वेळी त्याला काही मोल पडत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. पुस्तक मिटल्यावर ते कुणाचेच नसलेले दुःख पुन्हा कुणाचे तरी होते की नाही?

निरनिराळी पुस्तके या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देतात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती फार रडवते म्हणून विद्वान नाक मुरडतात. पण तिच्यावरच्या अश्रूंना जायला घर असते, हे ते विसरतात. वाचणाऱ्या मुलाची आई बहुधा घरातच असते. त्याच संध्याकाळी तो तिच्या हातातली घागर घेऊ शकतो. या पुस्तकाचे मोठेपण मला त्यात वाटते. धोकाही तिथेच आहे. आईच्या कष्टांची आपण इतकी पूजा करू लागतो की ते कमी करण्याचे कुणाला सुचतच नाही. पूजा केली की घागर तिच्याच डोक्यावर राहते!

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मात्र रडण्याची सोयच नाही. वडिलांचे विक्षिप्त सोवळे, १८९५ साली नवऱ्याने केलेला धर्मबदल, त्यापायी आलेला वियोग, दारिद्र्य, हे सारे त्यांनी सोसले. पण 'बिचारी!' हा शब्द आपल्या ओठांवर येतो न येतो तोच बाई असे काही सांगून जातात की आपण हसू लागतो. कीव करणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो. लक्ष्मीबाई आपल्याला त्या पायरीवर चढू देत नाहीत. दुसऱ्याचे दुःख त्याच्या बरोबरीने बसून ऐकावे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. तिच्यातला तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळा चालवतो. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते. लेखक कुठेही गळा काढीत नाही. ती वाचताना माझे डोळे कोरडेच राहिले. पण मी शाळेत शिकवते. दिवाळीनंतर ऊसतोडणीला निघालेल्या आईबापांमागे मुले जातात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. त्या पुस्तकानंतर मला ती नुसती खूण वाटेनाशी झाली. मूल गेले कुठे, तिथे शाळा आहे का, हे विचारल्याखेरीज राहवेना. न रडवणाऱ्या पुस्तकाने केलेले हे काम आहे.

आणि दया पवारांचे 'बलुतं', १९७८ सालचे. ते वाचताना रडणेसुद्धा मला आगाऊपणाचे वाटले. बलुते म्हणजे गावाच्या सेवेबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. तो मागायला दारात जसा कुणी उभा राही, तसा तो घालणाराही कुणी असे. आणि माझ्या आजोळी तो घातला जाई, हे मी आजीच्या तोंडून ऐकले होते. तिच्या बोलण्यात ते दातृत्व होते! इथे भट्टनायकाचा दाखला मला पुरत नाही. हे दुःख कुणाचेच नाही असे म्हणायला जीभ रेटत नाही. ते एका घराचे आहे, आणि त्याचे दुसरे टोक माझ्या आजोळच्या ओसरीवर आहे. अशा पुस्तकापुढे वाचक प्रेक्षक राहत नाही, तो पात्र होतो.

तेव्हा माझ्यापुरता मी असा निवाडा केला आहे. पुस्तकावरचे अश्रू म्हणजे केलेली फेड नव्हे. ती घेतलेली उचल आहे. उचल घेण्यात वाईट काही नाही, गरजू माणूस ती घेतोच. वाईट आहे ते उचल घेऊन वर पावती मागणे. फेडीसाठी फार मोठे काही करावे लागते असेही नाही. त्या जेम्सनेच म्हटले आहे की नाटक-संगीताने मन हलले तर त्यानंतर एखादी लहानशी तरी कृती घडू द्यावी. गाडीत कुणाला जागा द्यावी, घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी दोन शब्द गोड बोलावेत. आता दिवाळीत नवीकोरी पुस्तके घरात येतील. ती वाचून कुणाला रडू आले तर त्याने खुशाल रडावे. आपण त्याला हसू नये. मात्र चार दिवसांनी त्याला विचारावे, "मग पुढे काय झाले?" आणि हा प्रश्न कथेविषयी नाही, हे त्याला कळू द्यावे.