आगीत टिकणारा सांधा



विटांची भट्टी बहुधा विटेत फुटत नाही, सांध्यात फुटते. बेकरीतली पाव भाजण्याची लाकडाची भट्टी घ्या, नाहीतर मागील दारची विटांची चूल घ्या. वीट आगीसमोर वर्षानुवर्षे टिकते. पण दोन विटांमधली दरज सुटली की ज्वाळा आत शिरते, मागची भिंत तापते आणि एक दिवस वरची वीट खाली येते. म्हणून जाणता गवंडी भट्टी तपासताना आधी दरजा पाहतो. प्रायश्चित्तकाळाच्या या रविवारी आम्हालाही आपल्या घरांच्या आणि धर्मग्रामाच्या दरजांविषयीच बोलायचे आहे.

विटांचा ढीग आणि विटांचे घर यांत विटा त्याच असतात. फरक जोडणीचा असतो. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने हा विचार फार पूर्वी मांडला. संत पौल एफेसकरांना लिहिताना तोच विश्वासाच्या भाषेत सांगतो : सारी इमारत ख्रिस्तामध्ये जोडली जाते, तेव्हाच ती प्रभूचे मंदिर होते. एका बाकावर बसून एकमेकांशी न बोलणारी माणसे हा ढीग आहे, मंदिर नव्हे.

मग भट्टीच्या सांध्यात काय भरावे? नवख्याला वाटते, सिमेंट सर्वांत कठीण, तेव्हा तेच भरावे. परंतु घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये पाणी आणि चुना बांधलेले असतात. उष्णता सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत चढली की हे पाणी निघून जाते, सांधा आकसतो, तडकतो. पुढे आपल्या कोकणचा पावसाळा आला की मागे राहिलेला चुना ओल ओढून फुगतो आणि सांध्याचा भुगा होतो. म्हणून आगीच्या तोंडाशी मातीचाच माल लागतो : चुलीला चिकणमाती आणि वाळू, मोठ्या भट्टीला फायर क्ले. वीट मातीची, सांधाही मातीचा. जी आग सिमेंटला मोडते, तीच या मातीला भाजून पक्की करते. आणि थर पातळ हवा, दोन-तीन मिलिमीटरचा. जाड थर सुकताना चिरतो.

बंधुभगिनींनो, आपण नाती कशाने जोडतो? कुणी हिशेबाने, कुणी मानपानाने, कुणी कोर्टाच्या कागदाने. थंड दिवसांत हे सांधे फार मजबूत दिसतात. पण घरात मोठे आजारपण येते, वडील जातात, जमिनीची वाटणी निघते, आणि मग आग लागते. रायगडात जमिनीचे भाव चढले तसे किती भाऊ एकमेकांना परके झाले, हे सांगायला नको. तुम्ही मातीचे, तुमचा भाऊही मातीचा. दोघांना जोडणारी गोष्ट नम्रतेचीच हवी. आणि अंतर थोडे हवे. मधे वकील, मध्यस्थ आणि सांगोवांगीचा जाड थर आला की चीर पडलीच.

आपल्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. आपल्या सर्व कामांमागे माणसांची मने जोडणे हा एकच हेतू आहे, असे ते सांगत. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि गावातल्याच एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. तेथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली. याच विनोबांनी नव्या कराराचा अभ्यास करून ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. भूदानात लाखो एकर जमीन मिळाली. पण पुढे तिचा मोठा भाग गरिबांपर्यंत पोहोचलाच नाही. एकदा सांधा भरला म्हणून काम संपत नाही, त्याची निगा राखावी लागते. आपल्या आज्या चुलीला रोज पोतेरे घालत. चीर केसाएवढी असतानाच ती बुजत असे.

चीर मोठी झाली असेल, तर वरून हात फिरवून भागत नाही. भट्टी आधी पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. मग सुटलेला माल पक्का भाग लागेपर्यंत खरवडून काढायचा, धूळ झाडायची, वीट ओली करायची. कोरडी वीट नव्या मालातले पाणी पिऊन टाकते. मग माल आतपर्यंत दाबून भरायचा, सावकाश सुकू द्यायचा, आणि पहिले काही दिवस लहानच जाळ करायचा. तडकलेल्या भिंतीला नुसता सफेदा फासणाऱ्यांना यहेज्केल संदेष्ट्याने किती कठोर शब्दांत झापले आहे! प्रायश्चित्त संस्कार म्हणजे हे खरवडणेच होय. राग थंड झाल्यावर जा. झाले ते स्पष्ट बोला, आपला वाटा आधी कबूल करा. प्रेमाने ओलावा द्या. आणि पहिल्याच भेटीत जमिनीचा विषय काढू नका; लहान जाळ पुरे.

आणखी एक दरज आहे, आणि ती आपल्या भिंतींमागे लपलेली आहे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा सुटते. उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागते. मिसर देशात विटा पाडणाऱ्या इस्राएलांचा आक्रोश देवाने ऐकला, हे आपण दरवर्षी वाचतो. घर बांधणाऱ्याने विटेचा भाव विचारावा, तसेच ती पाडणाऱ्याला काय मिळते आणि त्याची मुले कुठे शिकतात, हेही विचारावे.

वेदीवर अर्पण आणण्याआधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे. पास्काच्या सणाला अजून दिवस आहेत. प्रत्येक घराने एकच दरज निवडावी आणि या आठवड्यात ते दार ठोठवावे. एकट्याने जाणे जड वाटत असेल, तर आम्हाला सांगा, आम्ही सोबत येऊ.

हे प्रभो, आग टळावी एवढेच आम्ही मागत नाही. जळत्या भट्टीत तू त्या तिघांबरोबर होतास, तसा आमच्या दोघांच्या मधे राहा. आमेन.

— आपले धर्मगुरू