पुसून टाका, असं कोण म्हणतं?

काका पतसंस्थेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. मी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर लिहिते. रविवारी त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा माझ्या लॅपटॉपवर दोन दिवसांपासून एकच ओळ होती : ‘सभासदाची नोंद हटवते.’

“एवढ्याशा ओळीपायी दोन दिवस?”

“ही ओळ एआय एजंटसाठी आहे, काका. आमच्या सॉफ्टवेअरमधलं एकेक काम आता त्याच्या हाती साधन म्हणून द्यायचंय. कुठलं साधन कधी उचलायचं, ते तो वर्णन वाचून ठरवतो. आतला कोड त्याला दिसत नाही.”

“कारकुनाला तरी कुठे दिसायचा?”

“पण तुमच्या खिडकीतल्या बाई ‘हटवा’ दिसलं की आधी शेजारच्या टेबलाकडे बघायच्या. याला शेजारचं टेबल नाही.”

“मग धोका लिही की ठसठशीत.”

“लिहिला होता, सात ओळी. तर पठ्ठ्या प्रत्येक किरकोळ नोंदीला परवानगी मागत बसला, आणि चार वेळा ‘होय’ दाबलं की पाचव्यांदा कुणी वाचत नाही. ओळी कमी केल्या, तर राजीनामा दिलेला सभासदच साफ केला त्यानं. चाचणीत झालं म्हणून निभावलं. एजंटला साधनं जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘हे साधन विध्वंसक आहे’ अशी खूण करता येते, पण त्या खुणेचं नावच मुळी ‘हिंट’.”

“म्हणजे ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी आहे, साखळी नाही.” काकांनी बशी खाली ठेवली. “पण साफ केला म्हणजे काय गं? सभासद राजीनामा देतो, मयत होतो, संस्था त्याला काढून टाकते. खातं बंद होतं, कर्ज निर्लेखित होतं. ‘हटवा’ हा शब्द मी संस्थेत ऐकलेला नाही.”

मी ओशाळले. एरिक इव्हान्सनं २००३ साली डोमेन-ड्रिव्हन डिझाइनवर पुस्तक लिहिलं त्यात हेच आहे : काम जाणणाऱ्यांची भाषा कोडमध्येही तीच हवी. ‘डिलीट’ करूच नका, असं उदी दहाननं २००९ मध्ये लिहिलं. धंद्यात ऑर्डर रद्द होते, पुसली जात नाही. हे सगळं आम्हाला पाठ आहे. पण डेटाबेसला ‘डिलीट’ येतं, म्हणून आमच्याही तोंडी तेच बसलं.

“आणि तो सभासद कुणाला जामीन असला तर?” काकांनी विचारलं.

“कर्ज हा आमच्याकडे वेगळा ॲग्रिगेट, म्हणजे एकत्र सांभाळायच्या नोंदींचा स्वतंत्र गठ्ठा. त्यात जामीनदाराचा नुसता क्रमांक असतो.”

“क्रमांक राहिला आणि माणूस गेला, तर वसुलीला कुणाच्या दारात उभं राहायचं?”

“तिथे कोडच अडवतो. चालू जामीन असेल तर नकार. माझी अडचण पुढची आहे. नियमात बसतं आणि तरी चूक असतं, ते कोड कसं अडवणार?”

“मग साधनच देऊ नकोस. आम्ही चुकीच्या नोंदीवर रेघ मारायचो आणि शेजारी सही. खालचं वाचता आलं पाहिजे. सातबाऱ्यावरसुद्धा जुन्या नावाला कंस करतात, खोडत नाहीत.”

“एखादा सभासद म्हणाला, माझा फोन नंबर, माझा फोटो पुसा, तर? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं त्याला तो हक्क दिलाय. दुसऱ्या कायद्यानं जे ठेवावं लागतं तेवढं सोडून. त्याच्या लेखी तुमची रेघ म्हणजे फसवणूक. खालचं वाचता येतंय, हेच तर त्याला नकोय.”

काका जरा वेळ गप्प बसले. आयुष्यभर पाळलेल्या शिस्तीला असं आडवं जाताना मलाही बरं वाटत नव्हतं.

“मग ही दोन कामं एका शब्दात कशाला कोंबलीस?” ते शेवटी म्हणाले.

खरंच होतं. मी साधनाचे दोन तुकडे केले : ‘सभासदाच्या लेखी मागणीवरून वैयक्तिक माहिती कायमची पुसते’ आणि ‘चुकून दुबार झालेली नोंद रद्द करते’. पहिल्यात निदान मागणारा माणूस तरी आहे. दुसऱ्यावर काकांनी बोट ठेवलं.

“चुकून झाली, हे कोण ठरवणार?”

“एजंटच. नाव, गाव, जन्मतारीख जुळली की.”

“आमच्या शाखेत एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोघी होत्या. जन्मतारीख दोघींची १ जून.”

मला हसू आलं. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातल्या किती आज्यांचा वाढदिवस त्या एका दिवशी येतो! एजंटला त्या दोघी एकच बाई वाटणार, आणि तेही पुराव्यानिशी.

मी लिहिलं : ‘जन्मतारीख १ जून असल्यास ती ओळख पटवण्यासाठी धरू नये. दोन्ही नोंदी शाखेकडे पाठवाव्यात.’

“हे त्याला कळेल?”

“कळायला नको. पाळलं तरी पुरे.”

“नव्या कारकुनाला आम्ही अगदी हेच सांगायचो,” काका म्हणाले, “आणि मग महिनाभर त्याच्या खुर्चीमागे उभे राहायचो.”