हाक कोणाची?

संगणकाच्या कळफलकावरील कळ दाबताच एक संकेत निघतो. प्रोसेसर हातचे काम थांबवतो आणि ती हाक ऐकतो. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. प्रोसेसरला हाकेचा आवाज ओळखता येत नाही. त्याला कळतो तो केवळ क्रमांक.

1981 च्या आयबीएम पीसीत अशा हाकांसाठी आठ वाटा होत्या. शून्य क्रमांक घड्याळाचा, एक कळफलकाचा. प्रोसेसरच्या कोष्टकात त्यांना 8 ते 15 ही स्थाने दिली गेली. परंतु पहिली 32 स्थाने इंटेलने प्रोसेसरच्याच कामांसाठी राखून ठेवली होती. परिणामी पुढच्या प्रोसेसरांत घड्याळाची टिकटिक आणि गंभीर बिघाडाची सूचना यांचा क्रमांक एकच होऊन बसला. म्हणून लिनक्ससारख्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, बाहेरच्या हाकांना 32 पासून पुढची स्थाने देतो.

हे क्रमांकन बरोबर आहे, हे पडताळावे कसे? लिनक्स प्रत्येक क्रमांकापुढे आलेल्या हाकांची मोजणी ठेवते. परीक्षक एकच उपकरण चालवतो आणि त्याच्याच क्रमांकापुढील आकडा वाढला की भलत्याच्या, हे पाहतो. एकूण बेरीज जुळली, एवढ्याने परीक्षा संपत नाही.

कधी अनेक उपकरणे एकाच क्रमांकावर असतात. तेव्हा कर्नेल प्रत्येकाच्या ड्रायव्हरला विचारतो, ‘ही हाक तुझ्याकडची काय?’ एक लाख हाकांपैकी 99,900 हून अधिक हाकांना कोणीच आपले म्हटले नाही, तर कर्नेल ‘कोणालाच पर्वा नव्हती’ अशा अर्थाची नोंद करतो आणि ती वाटच बंद करतो. यंत्राला हे क्षम्य आहे. एरवी ते त्या हाकांतच गुंतून पडेल. माणसांच्या कारभाराला मात्र ते क्षम्य आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तरीही शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. समजा, दोन गावांत एकाच नावाचे पाडे आहेत. एकाने पाणी मागितले आणि टँकर दुसऱ्याकडे गेला. वहीत मागणीही आहे, फेरीही आहे, बेरीजही चोख आहे. येथे कोणी खोटे लिहिलेले नाही; तरी तहानलेला तहानलेलाच राहिला.

प्रत्येक पाड्यावर जाऊन पाहणे कारभाऱ्यांना शक्य नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु संगणकाचा परीक्षकही सर्व उपकरणे एकाच वेळी तपासत नाही. तो एक निवडतो आणि त्याची हाक शेवटपर्यंत नेतो. न्यायाला बेरजेपेक्षा अधिक काही लागते, असे आम्हांस वाटते. ज्याची हाक, त्यालाच उत्तर मिळाले काय, हे विचारल्याखेरीज हिशेब पूर्ण होत नाही; आणि ते वहीला नव्हे, हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारावे लागते.