आज टाकी, महिन्याने मासे

क्रॉफर्ड मार्केट असो की तालुक्याच्या गावचं दुकान, रंगीत मासे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला बहुधा सगळं आजच हवं असतं: गोल भांडं, खडे आणि दोन गोल्डफिश. अशा वेळी ‘टाकी आज न्या, मासे महिन्याने’ म्हणणारा दुकानदार मला खरा व्यापारी वाटतो. मासा कल्ल्यांवाटे विषारी अमोनिया सोडतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी सोडलेले मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, आजारी मासा गळ्यात मारला. शिवाय गोल्डफिश वीतभर वाढतो, नीट सांभाळला तर १० वर्षांहून जास्त जगतो. त्या भांड्यात त्याला धड वळताही येत नाही.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. काही जातीलच, आणि भाडं भरणाऱ्याला ते जड जातं. पण मासे मेले की पुष्कळदा टाकी माळ्यावर जाते. ज्याची टिकते, तो खाद्याला, स्पंजाला, पाणवनस्पतींना येत राहतो. स्वस्त माशासाठी एवढा खटाटोप कशाला, असंही विचारतात. किंमत आपण लावलेली असते. गुदमरणं त्याने कमी होत नाही. मात्र नकार देताना सूर सांभाळायला हवा. पोरासमोर बापाला अडाणी ठरवू नये. पोराच्या हाती खाद्याची पुडी द्यावी, रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर टाकायला सांगावं. ते कुजून सुटणाऱ्या अमोनियावरच जिवाणू पोसतात.