प्रेक्षकाचा न्यायाधिकार

निबंध लिहिणारा मनुष्य स्वतःस ‘आम्ही’ म्हणवितो तें विनयामुळें कीं अहंकारामुळें, हा वाद जुना आहे, व तो येथें मिटविण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु ज्याचा अर्थ आम्हांस आजवर नीटसा उमगला नव्हता असा एक निराळाच ‘आम्ही’ सन २०२२ च्या दिवाळींत आमच्या कानीं पडला. त्या वर्षीं धाकट्या भगिनीच्या आग्रहावरून आम्ही कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो या शहरीं तिच्या चिरंजीवांच्या घरीं उतरलों होतों. भाऊबीज होऊन गेली होती. उरलेल्या फराळाच्या ताटाभोंवतीं पांचसात तरुण जमले होते. कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे, एकजण तेथेंच जन्मलेला. सगळ्यांचे चेहरे सुतकी. कोणास कांहीं झालें कीं काय म्हणून आम्हीं विचारलें, तेव्हां भाचा म्हणाला, “मामा, आम्ही पुन्हा हरलों.”

त्या मंडळींपैकीं एकानेंहि चेंडूस हात लाविलेला नव्हता. हरला होता तो सॅक्रामेंटो किंग्ज नांवाचा धंदेवाईक बास्केटबॉल संघ. अमेरिकेंतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या संस्थेंत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामांत ८२ सामने खेळतो, आणि त्यांतील वरचे संघ पुढें बाद फेरींत जातात. किंग्ज संघास २००६ नंतर सोळा हंगाम ती फेरी दिसली नव्हती. एवढा वनवास त्या संस्थेंत दुसऱ्या कोणाच्याहि वांट्यास आलेला नव्हता. पांडवांचा सुद्धां तेरा वर्षांत आटोपला. संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे जन्मानें मुंबईचे, आणि २०१९ मध्यें हा संघ वरळीस येऊन दोन सामने खेळून गेला होता, त्यामुळें आमच्या मंडळींच्या जिव्हाळ्यास थोडें माहेरपणहि चिकटलेलें. माइक ब्राउन हे नवे प्रशिक्षक आले होते, आशा पालवल्या होत्या, आणि हंगामाचे पहिले चारही सामने संघानें घालविले. पैकीं एक तर दोनच गुणांनीं.

मग सुरू झाली मीमांसा. तत्त्वज्ञान शिकविण्यांत आमची हयात गेली. वाक्याचा कीस काढणारे पंडित आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. परंतु त्या सकाळीं चार पराभवांतून जितके सिद्धांत निघाले तितके चार वेदांतूनहि निघाले नसतील. एक म्हणाला, बचाव ढिला आहे. दुसऱ्याचें म्हणणें, गेल्या फेब्रुवारींत टायरीस हॅलिबर्टन हा होतकरू तरुण इंडियानाच्या संघास देऊन डोमंटास सबोनिस यास घेतलें, तेथेंच घराचे वासे फिरले. तिसऱ्यानें सरळ प्रशिक्षकाचेंच नांव घेतलें. २०१२ मध्यें लॉस अँजेलिसच्या लेकर्स संघानें याच ब्राउन यांस पांच सामन्यांनंतर, एक जय व चार पराजय एवढ्या भांडवलावर, निरोप दिला होता. मग आपण कशाची वाट पाहत आहों, असा त्याचा सवाल होता.

प्राध्यापकी खोड जात नाहीं. आम्हीं त्यांस गणित सांगितलें. जिंकण्याचा व हरण्याचा संभव अगदीं समसमान असलेला संघहि पहिले चार सामने ओळीनें हरेल याचा संभव सोळांत एक, संघ ३०, म्हणजे सर्व संघ सारख्या तोलाचे असते व निकाल केवळ नाणें उडवून लागत असता, तरी दरसाल सुमारें दोन संघांचा आरंभ असाच व्हावा. लेकर्स संघानें ब्राउन यांस घालविलें म्हणून त्याचें तरी काय साधलें? ४२ सामन्यांअखेर त्याचे जय १७ आणि पराजय २५ होते. पुढें सावरून ४५ जयांपर्यंत तो पोंचला, तोंच बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर सॅन अँटोनियोकडून ओळीनें चार सामने हरला. उलट गोल्डन स्टेट संघानें २०१५-१६ मध्यें पहिले २४ सामने सलग जिंकले, हंगामांत एकंदर ७३ जिंकले, आणि अंतिम फेरींत तीन-एक अशी आघाडी असतां क्लीव्हलंडपुढें हार खाल्ली. आरंभावरून शेवट सांगूं नये, असें आम्हीं बजावलें.

त्या मंडळींत संख्याशास्त्रावर पोट भरणारा एक तरुण होता. चकली मोडीत तो शांतपणें म्हणाला, “सर, त्याच वर्षीं फिलाडेल्फियाचा संघ पहिले १८ सामने हरला, आणि ८२ पैकीं १०च जिंकला. पहिल्या आठवड्यांत ज्यानें त्याला वाईट म्हटलें तो चुकला का?” आणि त्यानें आम्हांस आणखी एक गोष्ट सांगितली. हात बसलेला खेळाडू पुढचाहि चेंडू टोपलींत टाकणारच, ही प्रेक्षकांची समजूत निव्वळ भ्रम आहे, असें गिलोविच, व्हॅलोन व ट्वर्स्की या तिघां संशोधकांनीं १९८५ मध्यें आंकडे मांडून दाखविलें होतें, व तेव्हांपासून सामान्य जनांच्या भोळेपणाचें उदाहरण म्हणून विद्वान् लोक तें मोठ्या समाधानानें देत आले. २०१८ मध्यें मिलर व सान्हुर्हो या दोघांनीं त्या मोजणींतच एक सूक्ष्म दोष असल्याचें दाखवून दिलें. तो काढून टाकल्यास त्याच आंकड्यांतून प्रेक्षकांच्या समजुतीस पुष्टि मिळते. तें उदाहरण आम्हींहि वर्गांत अनेक वेळां दिलें होतें. आम्हीं चहा मागितला.

परंतु आमच्या मनांतला खरा प्रश्न गणिताचा नव्हताच. न्याय करणाऱ्याच्या अंगीं विषयाचें ज्ञान हवें, निःपक्षपात हवा आणि आपल्या निर्णयाचा भार आपल्या शिरावर घेण्याची तयारी हवी. या तरुणांना ज्ञान होतें, नको तितकें होतें. निःपक्षपाताचें मात्र नांव नको. रॉबर्ट चाल्डीनी या मानसशास्त्रज्ञानें १९७६ मध्यें सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असें आढळलें होतें कीं, आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असतां विद्यार्थी ‘आम्ही जिंकलों’ असें अधिक म्हणतात, आणि न जिंकला तर ‘ते’ या सर्वनामाकडे वळतात. जयांत भागीदारी आणि पराजयांत फारकत! हें ऐकून भाच्यास राग आला. तो म्हणाला, “मी आत्तांच ‘आम्ही हरलों’ म्हटलें कीं नाहीं?” म्हटलें होतें खरें.

युद्धभूमीपासून दूर बसून वृत्तांत ऐकणारा आमच्या वाङ्मयांतला मोठा प्रेक्षक म्हणजे धृतराष्ट्र. गीतेच्या आरंभीं त्याच्या मुखीं जो प्रश्न आहे त्यांत एकीकडे ‘माझे’ आणि दुसरीकडे ‘पांडूचे’ अशी वांटणी आधींच झालेली आहे. फलाची आसक्ति सोड, हा उपदेश रणांत उभ्या असलेल्या अर्जुनास झाला व त्यास तो पचला. तोच उपदेश संजयाच्या मुखें त्या अंध वृद्धानेंहि ऐकला, परंतु त्याच्या चित्तांत तिळमात्र फरक पडला नाहीं. वर्गांत शिकवितांना यासाठीं आम्ही धृतराष्ट्रास दोष देत असूं. त्या सकाळीं प्रथमच आमच्या मनांत आलें कीं, अर्जुनाजवळ फल सोडल्यावर हातीं कर्म तरी उरतें. नुसतें पाहणाऱ्याजवळ फल सोडल्यावर काय उरावें? प्रेक्षकाच्या वांट्यास कर्म नाहींच. निकाल हीच त्याची एकुलती एक ठेव. ती सोड म्हणणें म्हणजे पाहूंच नकोस म्हणण्यासारखें आहे.

भाचा याच अर्थाचें, पण आपल्या शब्दांत, बोलला. “मामा, तिकिटाचे पैसे सोडा. मी आठ वर्षें येथें आहें. कचेरींत माझें नांव अजून कोणाला धड उच्चारतां येत नाहीं. त्या क्रीडागृहांत शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून मी ‘आम्ही’ म्हणतों, तसें मला दुसरें कोठें म्हणतां येतें?” आम्ही निरुत्तर झालों. लगेच त्यानें पुढचा बाण सोडला: “आणि तुम्हीं मुलांची तीन तासांच्या पेपरावर परीक्षा करतां, ती कशाच्या जोरावर?”

पेपरांबद्दल आम्हांस उत्तर देतां आलें असतें. परंतु आम्हांस आठवलें तें पेपरांचें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत आमच्या विषयासाठीं एक तरुण व्याख्याता परीक्षणार्थ नेमला होता. पहिलें सत्र त्यास कठीण गेलें. आवाज बारीक, मागच्या बांकांवर गलबला होई, दोनतीन तक्रारअर्ज आले. सत्र संपतांच पांचजणांची समिति बसली. वर्गावर छाप पडत नाहीं, असें एकानें म्हटलें व इतरांनीं माना डोलाविल्या. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तो गृहस्थ किती कष्टानें, समासभर बारीक अक्षरांत, शेरे लिहीत असे हें समितींत एकट्या आम्हींच पाहिलें होतें. एक शेरा तर असा होता कीं, तो वाचून आम्हीं आमच्या टिपणांतलें एक वाक्य बदललें. हें आम्हीं समितीस सांगितलें नाहीं. पांच वाजत आले होते आणि सर्वांचें एकमत होत होतें. ते गृहस्थ पुढें अध्यापन सोडून एका बँकेंत लागले.

ब्राउन यांच्यासारख्या माणसास निदान हिशेबवही तरी असते. मियामीच्या संघाशीं झालेला पांचवा सामना किंग्जनीं जिंकला. विजय झाला कीं क्रीडागृहाच्या छपरावरून आकाशांत जांभळा प्रकाशझोत सोडावयाचा, ही चाल त्याच हंगामांत निघाली, व तो झोत त्या वर्षीं वारंवार दिसला. ४८ जय, ३४ पराजय, सोळा वर्षांचा वनवास समाप्त. बाद फेरींत गोल्डन स्टेटशीं सातव्या सामन्यापर्यंत झुंज. आणि वर्षांतील उत्तम प्रशिक्षक म्हणून ब्राउन यांची निवड, तीहि एकमतानें, जी त्या पारितोषिकाच्या इतिहासांत पूर्वीं कधीं झाली नव्हती. गंमत अशी कीं, बचाव ढिला हें आमच्या मंडळींचें निदान अक्षरशः खरें होतें. तो अखेरपर्यंत ढिलाच राहिला. चढाई मात्र सर्व संघांत पहिल्या प्रतीची निघाली. रोग बरोबर ओळखला आणि रोगी मरणार हें चुकीचें सांगितलें, असे वैद्य आमच्याहि गांवीं आहेत. हॅलिबर्टनसंबंधीं हळहळणारा तरी चुकला होता काय? २०२५ मध्यें इंडियानाचा संघ त्याच्याच बळावर अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोंचला. त्या एका ताटाभोंवतीं बसलेले बरोबर किती आणि चूक किती, याचा ताळा आम्हांस आजहि लागत नाहीं.

मात्र एक गोष्ट त्या सकाळपासून आमच्या मनांत घर करून आहे. ओरडणारा प्रत्येकजण मनाशीं म्हणतो कीं, माझ्या एकट्याच्या ओरडण्यानें कोणाची भाकरी जात नाहीं. आणि काढून टाकणारा म्हणतो कीं, लोकांचा सूरच तसा होता. पहिल्याचें म्हणणें खोटें नाहीं, दुसऱ्याचेंहि बहुधा नसतें. या दोन खऱ्या वाक्यांच्या मधल्या फटींतून एक मनुष्य खालीं पडतो, व त्यास कोणींच ढकललेलें नसतें. आमचा भाचा सज्जन आहे. त्याच्या हातीं संघाची सूत्रें असतीं तर त्यानें चार सामन्यांत कोणास घालविलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. हातीं कांहीं नव्हतें म्हणूनच त्यास इतकें कठोर होतां येत होतें. आमच्या हातीं मात्र त्या दिवशीं लेखणी होती.

२०२४ च्या डिसेंबरांत भाच्याचा दूरध्वनि आला. त्या हंगामांत संघ पुन्हा अडखळला होता. १३ जय, १८ पराजय, त्यांतले शेवटचे पांच ओळीनें. ब्राउन यांस रजा मिळावी असें हा स्वतः आम्हांस महिनाभर सांगत होता. आवाज मात्र पडलेला होता.

“मामा, काढलें शेवटीं त्यांना.”

“कोणीं?” आम्हीं विचारलें.

“त्यांनींच,” तो म्हणाला, “संघ चालविणाऱ्यांनीं.”

पुढें २०२५ च्या जुलैंत न्यूयॉर्कच्या निक्स संघानें ब्राउन यांस प्रशिक्षक नेमलें, ही बातमीहि भाच्यानेंच कळविली, व या वेळीं तो बराच मोकळा बोलला. दूरध्वनि ठेवल्यावर आम्हांस त्या समितीच्या ठरावाची भाषा आठवली. ती आम्हींच सुचविली होती. त्यांत ‘आम्ही’ हा शब्द कोठेंहि नाहीं. सेवा पुढें चालूं ठेवणें इष्ट नसल्याचें आढळून आलें, एवढेंच वाक्य आहे. त्याखालीं पांच सह्या आहेत, व तिसरी आमची आहे.