खाल्लेलं पान

शाळा सुटली आहे असं धरा. ठाण्याच्या मानपाड्यातली कुठलीही शाळा चालेल. घोडबंदर रस्त्याच्या गाड्यांचा आवाज भिंतीपलीकडून येतोच आहे, तो थांबायची वाट बघू नका. भिंतीच्या कडेला फुलपाखरांसाठी कडीपत्ता लावलेला आहे. त्याच्याजवळ उकिडवं बसा. डोळे मिटायचे नाहीत. शेंड्याचं एक कोवळं पान निवडा आणि नजर तिथेच राहू द्या.

फुलपाखरांची बाग म्हटली की मनात आधी फुलं येतात. पण फुलावर फुलपाखरू मध प्यायला येतं आणि निघून जातं. त्याने इथे वंश वाढवावा असं वाटत असेल तर पिल्लांच्या पोटाची सोय लागते, आणि ती असते पानात. ज्याचं त्याचं पान ठरलेलं. कॉमन मॉरमॉनला कडीपत्ता किंवा लिंबू, प्लेन टायगरला रुई, कॉमन एमिग्रंटला बहावा, क्रिमसन रोजला सापसंदाचा वेल. जवळच्या येऊर डोंगराच्या उतारावर माजलेली घाणेरी बाहेरून आलेली. तिच्या फुलांत मध भरपूर, पण या फुलपाखरांच्या अळ्यांचं तिच्यावर भागत नाही.

आता कॉमन मॉरमॉनची मादी येते आहे. पानाशी घुटमळते, पुढच्या पायांनी पानाची चव घेते. पान पटलं तर पोट वाकवून एकच अंडं चिकटवते: पिवळसर, मोहरीपेक्षा लहान. मग उडून जाते. परत बघायला ती येणार नाही.

इथे जरा थांबा. सगळा भरवसा तिने या पानावर टाकला आहे. ते पान आपण लावलं, म्हणजे त्यातला थोडा भरवसा आपल्यावरही आला.

तीन-चार दिवसांनी अळी बाहेर पडते, आणि बहुधा आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून सहसा कुणी वाटेला जात नाही. पुढे हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे फार आवडतं. आवडू द्या, फक्त काडीने पुन्हा पुन्हा डिवचू देऊ नका.

आता पान अर्धं उरलं आहे, कडा कुरतडलेल्या. हे बघताना मनात काय येतं ते तपासा. झाड खराब झालं? कीड लागली, उद्या औषध मारायला हवं? शिक्षक म्हणून आपल्याला शाळेत सगळं नीटनेटकं आवडतं, त्यामुळे हा विचार येणारच. आला तर येऊ द्या, पण पंपाकडे हात जाऊ देऊ नका. हे पान खाल्लं जावं म्हणूनच लावलेलं होतं.

सगळ्या अळ्या जगत नाहीत. मुंग्या नेतात, कोळी धरतो, बुलबुल टिपतो. एक बारीक गांधीलमाशी तर अळीच्या अंगातच अंडी घालते. ‘आपण हिला वाचवायचं का?’ असं एखादी मुलगी विचारेल. घाईने उत्तर देऊ नका, तिच्याबरोबर बघत बसा. मला वाटतं, वाचवू नये. बाग केली ती गांधीलमाशीसाठीही केली.

आता नजर वर घ्या. पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान. याच घोडबंदर रस्त्याने पुढे ओवळ्याला राजेंद्र ओवळेकरांनी दोनेक एकर वडिलोपार्जित जमिनीवर फुलपाखरांची वाडी उभी केली. तेही शिक्षकच. फुलपाखरं विकत आणावी लागली नाहीत. त्यांची झाडं लावली, ती आपणहून आली. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. म्हणजे या कडीपत्त्याच्या भावकीत.

हे मनात मुरू द्या, आणि उठल्यावर माळीकाकांशी बोला. फवारणी बंद म्हणून सांगा. मे महिन्यात पाणी कोण घालणार, ते सुट्टी लागण्याआधी ठरवा. फाटकाबाहेर गटाराच्या कडेला आपोआप उगवलेली रुई असेल तर ती तोडू देऊ नका. तिचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून मुलांना लांबून दाखवा. पण तीच पानं खाऊन प्लेन टायगरची अळी स्वतःच्या अंगात विष साठवते आणि मोठेपणी पक्ष्यांपासून वाचते, हेही त्यांना तिथेच उभं राहून सांगा.